रेंज बांधावरच येते

मित्रांनो, माझ्या पाठीला रबर बँड लावलेला आहे म्हणून हसू नका. माझं मागचं झाकण कधीच हरवलं आहे आणि रबर काढला तर बॅटरी बाहेर पडते. मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. माझ्यावरचा पाचाचा आकडा अंगठ्यानं घासून पार पुसून गेला आहे. मला फोटो काढता येत नाही, नकाशा दाखवता येत नाही, आणि कोणी बोललेलं साठवून ठेवण्याची सोयही माझ्यात नाही. ही शेवटची उणीव तेवढी लक्षात ठेवा, कारण मला छळते ती तीच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मी सांगू शकत नाही. मला पहिलं आठवतं ते अकोल्याच्या बसस्टँडजवळचं एक दुकान आणि त्याची धुळकट काच. तिथून मला रोहितनं घेतलं. तो दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, अकोल्याला इंजिनिअरिंग शिकायला आलेला. मेसच्या भाजीत मीठ जास्त आहे हेसुद्धा तो मला कानाला लावून आईला सांगायचा. मला तेव्हा फार मोठं वाटायचं. मग त्याच्या हाती काचेचा रुंद फोन आला आणि मी गावच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. डब्यात एक मोडका पेचकस होता, दोन गंजक्या बिजागऱ्या होत्या आणि मी होतो. उपेक्षा कशाला म्हणतात ते मला तिथं समजलं.

पुढं रोहित एका परदेशी कंपनीचं काम कॉम्प्युटरवर करू लागला. कंपनीनं एके दिवशी कळवलं, की ऑफिसात यायची गरज नाही, कुठूनही काम करा. कुठूनही म्हणजे घरून, असं त्याच्या आईला, गंगूबाईंना वाटलं. रोहितला मात्र कुठूनही म्हणजे अगदी कुठूनही असं वाटलं. त्यानं बॅग भरली. काही महिने एका बेटावर, काही महिने वाळवंटातल्या एका शहरात, मग आणखी तिसरीकडे, असं त्याचं सुरू झालं.

मध्ये एकदा तो घरी आला होता. ओट्यावर बसून तो वडिलांना, उत्तमरावांना समजावत होता. "बाबा, एका देशात वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस रायलं का तो देश म्हनते, हा आमचा मानूस, यानं कर आमच्याकडं भरायचा. म्हनून मी कुठीच तेवढा थांबत नाही."

उत्तमरावांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग तू सध्या कोनाचा?"

"सध्या कोनाचाच नाही. तीच तर गंमत हाये."

"ज्याले कोनतंच गाव नाही त्याले आपल्याकडं भूत म्हनतात, बाप्पा," उत्तमराव म्हणाले. रोहित खूप हसला. गंगूबाईंनी मात्र त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि नवऱ्याशी दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

त्याच मुक्कामात माझं नशीब फळफळलं. रोहितचं बँक खातं, आधार, आयकर, सगळं त्याच्या इथल्या नंबराला जोडलेलं होतं. काही करायचं म्हटलं, की त्या नंबरावर सहा आकड्यांचा मेसेज यायचा आणि तो लगेच भरावा लागायचा. परदेशात तो मेसेज कधी पोचायचा, कधी नाही. म्हणून रोहितनं डबा उघडला, मला पुसलं, स्वतःचं सिम माझ्या पोटात घातलं आणि वडिलांच्या हातात दिलं. "बाबा, याले जपा. याच्यावर आकडा आला का मले सांगाचा."

उत्तमरावांनी मला असं जपलं, की त्यांच्या सदऱ्याचा खिसा माझ्या आकाराचा झाला. मी नुसता फोन राहिलो नव्हतो. गावात राहिलेला रोहित म्हणजे मीच होतो. विमा विकणारी एखादी पोरगी गोड आवाजात विचारायची, "रोहित सर बोलताय का?" उत्तमराव सांगायचे, "रोहित सर नाहीत, रोहित सरचा बाप हाये. बोला." असं म्हणताना त्यांची छाती फुगायची आणि मीही खिशातल्या खिशात वर उचलला जायचो.

अडचण एकच होती. आमच्या गावात रेंजचं काही खरं नव्हतं. घरात तर नावालाही नसायची. वावराच्या उंच बांधावर एक बाभूळ आहे, तिच्याखाली उभं राहिलं की आवाज स्वच्छ येई. म्हणून रोहित आदल्या दिवशी सांगून ठेवायचा आणि उत्तमराव वेळेवर बाभळीखाली जाऊन उभे राहायचे. आकडे ते बाजारात भाव सांगावे तसे जोडीनं सांगत, छप्पन, एकतीस, चौऱ्याण्णव. रोहित तिकडं ते सुटे करून भरायचा आणि म्हणायचा, "झालं बाबा, ठेवतो." बोलणं तेवढंच व्हायचं. दोघांनाही बोलण्याची सवय नव्हती, आणि आकडा ही एक चांगली सबब होती.

मग कंपनीनं सांगितलं, की असं फिरतं राहणं आता चालणार नाही, प्रत्येकानं आपला एक देश दाखवायचा. रोहितनं युरोपातला समुद्रकाठचा एक देश निवडला. त्या देशाचं नाव गंगूबाईंना कधी उच्चारता आलं नाही, त्या "तिकडं" म्हणत. घरून दुसऱ्या देशाचं काम करणाऱ्यांसाठी तिकडं वेगळा व्हिसा होता आणि त्याची मुदत वाढवून घ्यायला रोहितनं अर्ज केला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याला देशाबाहेर पाऊल टाकता येणार नव्हतं. टाकलं, तर परत आत येण्याची खात्री नव्हती. शिवाय एक कागद इथून हवा होता. आपण भारतात राहत नाही, आपला कर तिकडं, असं इथल्या सरकारकडं नोंदवायचं होतं. आणि त्यावर शिक्का उमटायचा तो माझ्यावर येणाऱ्या आकड्यानं. मित्रांनो, पोरगा इथं राहत नाही हे बापानं बांधावर उभं राहून सिद्ध करायचं होतं. उत्तमरावांना ते कळत होतं. तरी ते वेळेच्या आधीच बाभळीखाली गेले.

शेवटची वेचणी चालली होती. ऊन कलतं झालं होतं. बराच वेळ फोन येईना, म्हणून उत्तमराव गंगूबाईंचं कापसाचं गाठोडं उचलू लागायला वावराच्या दुसऱ्या टोकाला गेले. नेमका तेव्हा मी वाजलो. तिथं रेंजची एकच दांडी होती, तेवढ्यावर कसाबसा वाजलो. "बाबा, लवकर. मी कचेरीतच उभा हाये, माहा नंबर लागला," एवढं ऐकू आलं आणि आवाज तुटला. उत्तमराव धावत सुटले. वाटेत काळ्या मातीची ढेकळं होती, कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या होत्या, आणि दोन दिवसांपासून छातीत दुखतंय हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मला ते धडधडणं माहीत होतं. मी त्याच खिशात होतो.

ते बांधावर चढले तोवर आकडा आला होता, रोहितचा फोन पुन्हा लागला आणि त्यांनी तो आकडा वाचून दाखवला. दोन दोनच्या जोडीनं, नीट, एकही चूक न करता. रोहित म्हणाला, "झालं बाबा, ठेवतो." आणि त्यानं ठेवला.

त्यानंतर उत्तमराव बोलले. फोन बंद झालेला त्यांना समजला नाही. मला कानाशी धरून ते म्हणाले, "जेवला काय रे बाप्पा?"

उत्तर येईल म्हणून ते थांबले. मग गुडघ्यातून खाली बसले, आणि मी त्यांच्या हातून मातीत पडलो.

हे वाक्य माझ्यापाशी राहिलं, मित्रांनो. ते ज्याचं होतं त्याच्यापर्यंत न्यायला मी बनवलेलो आहे, तेच तर माझं एकुलतं एक काम. आणि तेवढं एकच वाक्य मी नेऊ शकलो नाही. त्या दिवसापासून ते माझ्यात येरझाऱ्या घालत आहे.

शेजारच्या वावरातले डोमाजी धावत आले, पण तोवर सगळं संपलं होतं. संध्याकाळी अकोल्याहून मुलगी आली, हर्षा. वावराच्या कोपऱ्यातच चिता रचली आणि हर्षानं अग्नी दिला. डोमाजी म्हणाले, "वहिनी, पोराले कळवा. रोहितले कळालंच पाह्यजे."

गंगूबाईंच्या डोळ्यांत तेव्हा पाणीही नव्हतं. त्या म्हणाल्या, "कळलं तर तो निघन. निघाला तर त्याचं तिकडचं सारं बुडन. याच्यासाठी धावले न ते? मंग आता तेच बुडवू काय?" त्यांनी गावभर सांगून ठेवलं, की रोहितला कोणी काही बोलायचं नाही. अस्थींपैकी थोड्या रोहितसाठी ठेवल्या. त्या घरात आणत नाहीत, म्हणून एका छोट्या मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून मडकं बाभळीच्या फांदीला टांगलं.

आठवडाभरानं रोहितचा फोन आला. गंगूबाई मला घेऊन बाभळीखाली उभ्या होत्या. वाऱ्यानं मडकं हलत होतं आणि फांदी कुरकुरत होती.

"आई, बाबा कुठी हायेत?"

गंगूबाईंनी वर पाहिलं. "वावरातच हायेत," त्या म्हणाल्या.

"बरं," रोहित म्हणाला. आणि बराच वेळ त्यानं फोन ठेवला नाही.

मग हे दर आठवड्याला होऊ लागलं. आकडा लागो न लागो, तो फोन करायचा. "बाबा कुठी हायेत?" "वावरातच हायेत." "बरं." वडिलांना फोन दे, असं तो एकदाही म्हणाला नाही. मला त्याचा श्वास ऐकू यायचा. इकडं गंगूबाईंचा श्वास, तिकडं त्याचा, आणि मध्ये मी, ते वाक्य पोटात घेऊन. मला वाटायचं, ओरडून सांगावं. पण माझ्या नशिबी ट्रिंग ट्रिंगशिवाय दुसरा आवाज नाही. फोन ठेवला की गंगूबाई मला पदरानं पुसायच्या, कानाशी लावायच्या आणि बंद फोनला विचारायच्या, "काय म्हनले रे ते?" त्या दिवशी त्यांनी लांबून पाहिलं होतं. ढेकळांतून धावत येताना त्यांना उत्तमरावांचे ओठ हललेले दिसले होते. शब्द मात्र त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते.

हर्षा अकोल्याहून यायची तेव्हा चिडायची. रोहितचे फोन ती उचलत नसे, कामात आहे म्हणून मेसेज टाकायची. "आई, हे किती दिवस चालवायचं? मले खोटं बोलनं जमत नाही."

"मी कुठी खोटं बोलतो?" गंगूबाई म्हणायच्या. "वावरातच त हायेत."

अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. हर्षा आदल्याच दिवशी येऊन राहिली होती. दोघींनी घरी घागर पुजली आणि पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई असं ताट वाढून त्या वावरात आल्या. ताट बाभळीखाली ठेवलं. कावळ्याची वाट बघत दोघी बसल्या होत्या, तेवढ्यात माझ्यावर आकडा आला. पाठोपाठ रोहितचा फोन.

"आई, आज अर्जाचं शेवटचं काम हाये. आकडा आला काय?"

"आला."

"सांग बरं." मग नेहमीसारखंच, हलक्या आवाजात, "बाबा कुठी हायेत?"

गंगूबाईंनी ताटाकडं पाहिलं, मडक्याकडं पाहिलं. तोंड उघडलं, पण नेहमीचे शब्द बाहेर येईनात. त्यांनी मला छातीशी दाबलं आणि त्या घळाघळा रडू लागल्या. एवढ्या महिन्यांचं त्या दिवशी बाहेर पडलं. हर्षानं मला ओढून घेतलं. "दादा, बाबा गेले. माघातच गेले. आईनं तुले सांगू देलं नाही."

तिकडून आवाज आला, "मले मालूम हाये, हर्षे."

हर्षानं मला दुसऱ्या कानाला लावलं.

"त्याच दिवशी मालूम पडलं," रोहित म्हणाला. "माह्या शाळेतल्या दोस्तांनी ग्रुपवर बाबाचा फोटो टाकला होता. भावपूर्ण श्रद्धांजली लिहून."

"मंग काहून इच्चारत होता रे, बाबा कुठी हायेत, बाबा कुठी हायेत? आईच्या जीवाचं काय होत असन, इचार केला?"

"निघता येत नव्हतं. आन न निघता मालूम हाये म्हनलं असतं, तर तोंड काय दाखवलं असतं?" तो म्हणाला. "आन आई म्हने न, वावरातच हायेत. तेवढं आयकलं का मले वाटे, हायेत. म्हनून फोन करत होतो."

आकड्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गंगूबाईंनी डोळे पुसले आणि मला परत मागून घेतलं. त्यांचा आवाज आता वेगळा होता. "रोहित, मले एक सांग. त्या दिवशी तू आयकत होता. माह्या जीवाले तेवढंच लागून हाये. मी सकाळी त्याईले म्हनलं होतं, रोज नुसता आकडा सांगता, एखाद्या दिवशी पोरगं जेवलं काय ते त इच्चारा. ते म्हनले, आज इच्चारतो. इच्चारलं काय रे त्याईनं?"

मित्रांनो, सकाळचं हे बोलणं मला माहीत नव्हतं. तेव्हा मी शेजाऱ्यांकडं चार्जिंगला होतो. आता मात्र माझा सगळा जीव त्या दोन दांड्यांच्या रेंजमध्ये गोळा झाला. मला माहीत होतं, की रोहितनं काहीच ऐकलेलं नाही. आकडा मिळताच त्यानं फोन ठेवला होता. आणि मला हेही माहीत होतं, की उत्तमरावांनी विचारलं होतं. या जगात दोन्ही माहीत असणारा मी एकटाच, आणि मी मुका.

मग रोहित म्हणाला, "हो आई. इच्चारलं होतं."

"काय म्हनले?"

"जेवला काय, म्हनले."

"मंग? तू काय म्हनला?"

"जेवलो म्हनलं."

गंगूबाई बाभळीच्या बुंध्याला टेकून खाली बसल्या. त्यांचा चेहरा मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. "त्याईले उत्तर भेटलं म्हनायचं," त्या हर्षाला म्हणाल्या.

रोहित खोटं बोलला होता. त्याला वाटत होतं, की आपण आईच्या समाधानासाठी थाप मारली. ती थाप नव्हती हे त्याला कधीच समजणार नाही. आपल्या तोंडून आपल्याच बापाचं शेवटचं वाक्य अक्षरशः निघालं, हेही समजणार नाही. ज्या वाक्यासाठी मी झुरत होतो ते शेवटी गंगूबाईंच्या कानी पडलं, पण ज्याच्यासाठी ते होतं त्याला मात्र ते मिळालं नाही. तो अजून असंच धरून आहे, की बाप न विचारता गेला.

"आई, मी येतो. अर्ज राहू दे," रोहित म्हणाला. आता तो रडत होता.

"राहू कसा दे? दुसरा आकडा मांग, मी सांगतो. काम पुरं कर आन मंग ये," गंगूबाई म्हणाल्या. "ते आता कुठी जात नाहीत."

दुसरा आकडा आला. गंगूबाईंनी तो एकेक करून सांगितला. रोहितनं भरला. "झालं आई," तो म्हणाला. पण त्याला "ठेवतो" म्हणता येईना. गंगूबाईंनाही बटण दाबता येईना. दोघं फोन तसाच कानाशी धरून राहिले, आणि शेवटी माझी बॅटरी संपली तेव्हाच तो फोन बंद झाला.

अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. मडकं अजून फांदीवर आहे. मी आता गंगूबाईंच्या कमरेच्या पिशवीत असतो आणि फार दिवस टिकेन असं मला वाटत नाही. म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. दूर कुठं राहत असाल, काम कितीही घाईचं असलं, तरी आकडा मिळाल्याबरोबर लाल बटण दाबू नका. फोन थोडा वेळ कानाशी तसाच धरा. पलीकडचं माणूस फार बोलणारं नसेल, तर त्याला शब्द सापडायला वेळ लागतो. त्याचं बोलून व्हायच्या आत तुम्ही ठेवलंत, तर ते बोलतंच, पण मग ते ऐकायला आमच्यासारखा एखादा जुना फोनच उरतो, आणि आम्हाला ते कोणाला सांगता येत नाही.